पाचवी आज्ञा

आमच्या घरात बाराखडीच्या आधी दहा आज्ञा पाठ व्हायच्या. आजी आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून डाव्या हाताच्या बोटांवर त्या मोजायला लावायची. करंगळीपासून सुरुवात केली की पाचवी आज्ञा अंगठ्यावर यायची. आईबापांचा मान राखण्याची ती आज्ञा. "अंगठा नसला तर मूठ वळत नाही," आजी म्हणायची, आणि आमचे अंगठे आपल्या हातात धरून जरा वेळ तशीच बसायची.

आमचं घर नगरचं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, पप्पाही मास्तर. रविवारी आमच्याकडे चूल फक्त चहापुरती पेटायची. भाकरी शनिवारी रात्रीच थापून ठेवलेल्या असायच्या. रविवारी विळीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, चेंडू बाहेर काढायचा नाही. सकाळी उपासना, दुपारी रविवारची शाळा, संध्याकाळी भजन. लहानपणी मला हे सगळं नगरच्या मातीतूनच उगवलं आहे असं वाटायचं. बेलवंडीची भाकरी, भिंगारचा बाजार, तसा आमचा रविवार.

तो रविवार कुठून आला हे मला बॉस्टनमध्ये कळलं. बीकन स्ट्रीटवर १४ नंबरची एक जुनी इमारत आहे, काँग्रेगेशनल हाउस. तिच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेली चित्रं आहेत. त्यांतलं एक डिसेंबर १६२०चं आहे. इंग्लंडहून आलेले काही लोक वस्तीसाठी जागा शोधत लहानशा होडीतून किनाऱ्याकाठाने फिरत होते. वादळाने त्यांना क्लार्क्स आयलंड नावाच्या एका बेटावर नेऊन टाकलं. थंडी कडाक्याची, मोठं जहाज मागे खोळंबलेलं, त्यावरची माणसं आजारी. पण रविवार आला, म्हणून ते त्या बेटावर दिवसभर थांबले आणि त्यांनी उपासना केली. सोमवारी पुढे निघाले. नाइट ड्यूटी संपवून घरी जाताना एका सकाळी मी ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि मला आजीची शनिवारची भाकरीची टोपली आठवली. याच लोकांच्या धार्मिक वारसदारांनी १८१० साली परदेशात धर्मप्रसार करणारी संस्था काढली. तिने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. १८३१ मध्ये ते नगरला आलं. आजीच्या रविवाराला दोनशे वर्षांचा आणि दोन समुद्रांचा प्रवास होता.

मी मात्र त्या सकाळी रविवार मोडूनच घरी चालले होते. आणि पाचवी आज्ञा त्याच्या कितीतरी आधी मोडली होती.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंगच्या नोकरीची माझी सगळी कागदपत्रं तयार झाली. त्याच वर्षी आईची मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं निदान झालं. पप्पा म्हणाले, जाऊ नकोस. घरात नर्स असताना आईला परक्यांच्या हाती कशाला द्यायचं? मी म्हणाले, मी गेले नाही तर औषधांचे पैसे कुठून येतील? आम्ही दोघंही खरं बोलत होतो. शेवटी मी निघाले. पप्पा तारकपूर स्टँडपर्यंत आले, बॅग गाडीत चढवली, आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पाचवी आज्ञा मोडून निघालीस. एवढं लक्षात ठेव." मला निरोप द्यायला आलेल्या माणसाने दुसरं काहीच म्हटलं नाही.

मी पाठवलेल्या पैशांवर आईचं डायलिसिस दोन वर्षं चाललं. १९९८ मध्ये ती गेली. मी वेळेवर पोचू शकले नाही.

आमच्या मंडळीत वाढलेल्या कुणालाही विचारा, तारण कशाने होतं? तो झोपेतही उत्तर देईल: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. प्रेषित पौलाने गलतीकरांना आणि इफिसकरांना लिहिलेल्या पत्रांतला हा गाभा आम्ही लहानपणी तोंडपाठ केला होता. आज्ञा पाळून कुणी देवापुढे नीतिमान ठरत नाही, कारण सगळ्याच्या सगळ्या आज्ञा कुणालाच पाळता येत नाहीत. मग आज्ञा कशाला? पप्पा वर्गात हे आपल्याकडचा दाखला देऊन सांगायचे. वैष्णव आचार्यांमध्ये जुना वाद आहे, मर्कटन्याय की मार्जारन्याय. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतं, पकड सुटली तर पडतं. मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून उचलते. पप्पा म्हणायचे, ख्रिस्ताने आपल्याला मांजरीसारखं उचललं आहे. मग स्वतःच पुढे सांगायचे, पण उचललेल्या पिल्लाने आईला ओरबाडू नये.

मला हे सगळं येत होतं. डोक्याला पटलं होतं, पोटाला पटलं नव्हतं. रात्री तीन वाजता वॉर्ड शांत झाला की स्टँडवरचं ते वाक्य आठवायचं आणि मी डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबून धरायची.

काँग्रेगेशनल हाउसपासून चालत दोन मिनिटांवर मॅसॅच्युसेट्सचं विधानभवन आहे. त्याच्या हिरवळीवर एका बाईचा ब्राँझचा पुतळा आहे. मान वर केलेली, एका हाताने बायबल छातीशी धरलेलं, आणि शेजारी एक लहान मुलगी तिला बिलगलेली. ॲन हचिन्सन. १९२२ साली हा पुतळा तयार झाला. बस चुकली की मी कठड्यापाशी उभी राहून तिच्याकडे बघायची. ती कोण हे पुढे वाचलं तेव्हा मला राहवेना, कारण तिच्या खटल्यात पाचवी आज्ञा होती.

ॲन १६३४ मध्ये इंग्लंडमधून नवऱ्यासह बॉस्टनला आली. तिला सगळी मिळून पंधरा मुलं झाली. ती सुईणपण करायची, बायकांच्या बाळंतपणांना जायची आणि पुढे त्यांना घरी बोलावून रविवारच्या प्रवचनावर बोलायची. हळूहळू साठ-साठ माणसं जमायला लागली, पुरुषही यायला लागले. ती जे सांगायची ते मूळ सुधारणावादी शिकवणीबाहेरचं नव्हतंच. तिचं म्हणणं असं की इथले बरेच पाळक तोंडाने कृपेचा करार सांगतात, पण शिकवतात कर्मांचा करार. म्हणजे माणसाचं वागणं नीट दिसलं, तो आज्ञा पाळताना दिसला, की त्याचं तारण झालं असं ते मानतात. ॲन म्हणायची, बाहेरून नीट वागणं हा तारणाचा पुरावा नव्हे. ढोंगी माणूसही ते करू शकतो.

हे ऐकून अधिकारी का घाबरले हे समजून घ्यायला ती वसाहत डोळ्यांपुढे आणावी लागते. १६४१ मध्ये त्यांनी जो कायदा लिहिला त्यात देहदंडाच्या गुन्ह्यांपुढे मोशेच्या ग्रंथांतले संदर्भ घातलेले आहेत. १६५९ मध्ये त्यांनी नाताळ साजरा करण्यावर पाच शिलिंग दंड ठेवला, कारण बायबलमध्ये नाताळची आज्ञा नाही. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. आज्ञापालनावर उभारलेल्या अशा गावात एक सुईण सांगत होती की आज्ञापालनाने काहीच सिद्ध होत नाही.

नोव्हेंबर १६३७ मध्ये न्यूटाउनला, म्हणजे आजच्या केंब्रिजला, तिच्यावर खटला चालला. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप स्वतः न्यायाधीश होता आणि फिर्यादीही. त्याने तिच्यावर पाचवी आज्ञा मोडल्याचा ठपका ठेवला. त्याचा युक्तिवाद असा: आईबापांचा मान राखा या आज्ञेत राज्याचे अधिकारीही येतात, कारण तेही प्रजेचे आईबापच. ॲनने विचारलं, समजा मी देवाला भिते आणि आईबापांनाही मानते, पण देवाला भिणाऱ्या माणसांना घरी येऊ देण्याची परवानगी आईबापांनी दिली नाही, तर मी त्यांना येऊ द्यायचंच नाही का? विन्थ्रॉपला त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ॲननेच स्वतःहून सांगितलं की देव थेट तिच्याशी बोलतो, आणि तिथे खटला संपला. हद्दपारी झाली. मार्च १६३८ मध्ये मंडळीनेही तिला बाहेर काढलं. ती ऱ्होड आयलंडला गेली, नवरा वारल्यावर आजच्या न्यूयॉर्कच्या बाजूला गेली, आणि १६४३ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात आपल्या बऱ्याच मुलांसह मारली गेली. सुसॅना नावाची लेक तेवढी वाचली. बॉस्टनमधल्या पुढाऱ्यांनी ही देवाची शिक्षा ठरवली.

माझ्या मते विन्थ्रॉपची चूक नेमकी इथे होती. देवाची आज्ञा पाळणं आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्याची आज्ञा पाळणं, या दोन गोष्टी त्याने एकाच धाग्यात ओवल्या. ही गाठ सोडवायला प्रत्येक पिढीला नव्याने बसावं लागतं. लुइझियानाने जून २०२४ मध्ये आणि टेक्सासने २०२५ मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. दोन्हीकडे लगेच पालक कोर्टात गेले. केंटकीचा असाच कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रद्द केला होता. मी दहा आज्ञांवर वाढलेली बाई आहे आणि मला त्या भिंतींवर नकोत. आजीने माझा अंगठा हातात धरला होता. सरकारला ते करता येत नाही.

आमच्या मिशनची सुरुवातसुद्धा अवज्ञेतूनच झाली, हे नगरला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हॉल आणि नॉट कलकत्त्याला उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. ते गुपचूप मुंबईला आले. तिथेही हुकूम आला, तेव्हा ते होडीने कोचीनपर्यंत गेले आणि पकडून परत आणले गेले. गव्हर्नरला त्यांनी कळकळून लिहिलं की सगळ्या जगात जाण्याची ख्रिस्ताची आज्ञा आमच्यावर आहे. शेवटी त्यांना राहू दिलं. हॉल १८२६ मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच वारला. ज्यांनी हुकूम मोडून शाळा काढल्या, त्यांच्याच शाळांतून आम्ही आज्ञाधारक मुलं तयार झालो.

पण या प्रश्नाशी सगळ्यात खोल झगडलेलं माणूस मराठीच आहे. पंडिता रमाबाई. त्या झगड्याचा मोठा भाग इंग्लंडात आणि अमेरिकेत झाला.

रमाबाईंचं बालपण म्हणजे आज्ञापालनाची पराकाष्ठा होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं ही एक अवज्ञा सोडली, तर ते कुटुंब शास्त्राबाहेर पाऊल टाकत नव्हतं. तीर्थयात्रा, व्रतं, दानं, पारायणं. होतं नव्हतं ते धर्मात घातलं, आणि १८७४ च्या दुष्काळात आईवडील दोघंही उपासमारीने गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. सगळं पाळलं आणि हाती मृत्यू आला. हा अनुभव ज्याला आला त्याला पुढे आज्ञा या शब्दाची भीती वाटली तर नवल नाही.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणायच्या, आणि त्या पत्रांमध्ये हा मराठी शब्द इंग्रजी मजकुरात बसलेला दिसतो. पण आजीबाईंना हवी होती आज्ञाधारक लेक. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत, हा त्यांना जातीचा अहंकार वाटला. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातले बिशप मत देऊ लागले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या प्रश्न विचारत राहिल्या. १८८५ च्या पत्रांत त्यांनी स्पष्ट लिहिलं की पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, ती आता दुसऱ्या जोखडात घालणार नाही. देवाचं वचन मानीन, पण पाळक जे म्हणेल तेच देवाचं वचन, हे मानणार नाही. मी ही पत्रं वाचली तेव्हा मला ॲन हचिन्सन आठवली. दोघींच्या मध्ये अडीचशे वर्षं आहेत आणि प्रश्न मात्र तोच.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला आल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं, ११ मार्च, फिलाडेल्फिया. राहिल्या मात्र दोन वर्षांहून अधिक. इथे एका वरिष्ठ मंडळीची सत्ता नव्हती, पंथ पुष्कळ होते, आणि बायका सभा चालवत होत्या. त्यांना मोकळं वाटलं. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवण्याचं तिने कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला शारदा सदन उघडलं. ॲनला ज्या बॉस्टनने हाकलून दिलं, त्याच बॉस्टनमधून आपल्या विधवांसाठी पैसा आला.

आता या कथेतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. म्हणजे बाप्तिस्मा घेतला, प्रार्थना केल्या, शाळा काढली, लोकांची टीका सोसली, आणि हे सगळं करूनही आत काहीतरी रिकामं होतं. हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं. तो माणूसही पाळक असूनच पुढे कधीतरी बदलला होता. त्यातून त्यांना उमगलं की तारण ही मिळवायची गोष्ट नाही, घ्यायची गोष्ट आहे.

आणि मग काय झालं? इथे विन्थ्रॉपचा अंदाज साफ चुकतो. कृपा फुकट आहे म्हटलं की माणसं आज्ञा सोडून देतील, ही त्याची भीती होती. रमाबाईंना ती कृपा उमगली आणि त्या कामाला अधिकच लागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार बाया-मुली होत्या. त्यांचं खाणं, कपडे, शिकणं, विणणं, छापखाना, शेती. रात्री बसून रमाबाई सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करायच्या, तेही १९२२ मध्ये मृत्यूच्या आधी पुरं केलं. तारण विकत घ्यायला हे केलं नाही. ज्यांना दुष्काळातून कुणी वाचवलं नाही अशा आईबापांची ती मुलगी होती, आणि तिला स्वतःला वाचवलं गेलं होतं. याकोबाच्या पत्रात म्हटलंय की कामांवाचून विश्वास मेलेला असतो. पौल आणि याकोब यांचं भांडण लावून देणारे पंडित पुष्कळ आहेत. मला त्यांनी एकदा केडगावला जाऊन यावं असं वाटतं.

इथवर मी स्वतःला ॲन आणि रमाबाई यांच्या रांगेत उभं करत आले होते. आज्ञा मोडलेल्या, पण देवाशी प्रामाणिक. ही रांग फार सुखाची आहे. पण तिच्यात एक बाई उभी नाही, तिचं नाव घ्यायला हवं.

मनोरमा. रमाबाईंची एकुलती एक लेक, १८८१ चा जन्म. तान्ही असतानाच वडील गेले. आईबरोबर परदेशी गेली, लहानपणी आईविना परक्यांत राहिली, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात शिकली, परत येऊन शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, आईचा पत्रव्यवहार, आईच्या शाळा, आईची माणसं. लग्न केलं नाही. १९२१ मध्ये, आईच्या आठ-नऊ महिने आधी, ती गेली. कुणाच्याही जोखडात मान घालायला नकार देणाऱ्या आईच्या पदरी ही लेक होती, आणि तिने आपला सगळा जन्म आईच्या कामात घातला. आम्ही रमाबाईंचं चरित्र शाळेत शिकलो. मनोरमेवर एक परिच्छेद होता की नाही, मला आठवत नाही.

माझ्या घरची मनोरमा म्हणजे माझा दादा.

मी अमेरिकेला गेले तेव्हा त्याला पुण्याला चांगली नोकरी लागली होती. ती त्याने सोडली. आठवड्यातून दोनदा तो आईला घेऊन पुण्याला जायचा, डायलिसिससाठी, येऊन-जाऊन अडीचशे किलोमीटर, बहुतेक वेळा एसटीने. पैसे माझे होते, हात त्याचे होते. आई गेल्यावर पप्पांजवळ राहिला. पप्पांचा मोतीबिंदू, पप्पांची पडझड, पप्पांचा राग. दर वर्षी कुटुंब रविवारी पप्पा मंडळीत इफिसकरांच्या पत्रातल्या सहाव्या अध्यायावर प्रवचन करायचे, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं यावर, आणि तिसऱ्या वचनाला थांबायचे. चौथ्या वचनात बापांनाही सांगितलं आहे की मुलांना चिडीला आणू नका. ते वचन त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आई गेल्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी चौथं वचन वाचलं, पुस्तक मिटलं आणि प्रवचन न करताच खाली येऊन बसले. हे मला दादाने फोनवर सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी पप्पांनी माझा नंबर लावायला त्याला सांगितलं. तीन वर्षांनी. ते म्हणाले, "थंडी फार आहे का तिकडे?" मी समजायचं ते समजले.

उधळ्या पुत्राचा दाखला सगळ्यांना माहीत असतो. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूर देशी जातो, सगळं उडवतो, परत येतो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. मी तो दाखला कृपेचा म्हणून शंभरदा ऐकला आहे आणि दर वेळी त्या मिठीत स्वतःला पाहिलं आहे. पण दाखला तिथे संपत नाही. थोरला मुलगा शेतातून येतो, नाचगाणं ऐकतो आणि आत यायला नकार देतो. बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी राबलो, तुमची एक आज्ञा मोडली नाही, मला कधी एक करडूही दिलं नाहीत. बाप बाहेर येऊन त्याला विनवतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही.

२०१४ मध्ये पप्पा गेले. या वेळी मी पोचले. दफनानंतर चौथ्या दिवशी घरातली गर्दी ओसरली, तेव्हा दादा ओसरीवर बसून म्हणाला, "अठरा वर्षं मी इथे आहे. माणसं घरात आली की आधी विचारतात, अमेरिकेतल्या ताईचं कसं चाललंय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. मी आत जाऊन चहा टाकला.

त्यानंतर या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. तारण कृपेने होतं, कर्मांनी नाही, यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. पण ती कृपा आली कुठून, हा प्रश्न आम्ही फार लवकर सोडून देतो. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं त्यात तो सांगतो की ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञापालक राहिला. आमचं तारण फुकट आहे ते आम्हाला. कुणीतरी आज्ञा पाळली म्हणून ते आम्हाला फुकट मिळालं. कर्मांनी तारण होत नाही असं मंडळीत शतकानुशतकं सांगताना, ज्यांनी कर्मं केली त्यांचे आभार मानायचे राहून गेले. आम्ही त्यांना कर्मठ म्हटलं, रूढीप्रिय म्हटलं, विन्थ्रॉपच्या बाकावर बसवलं. दादा विन्थ्रॉप नव्हता. त्याने कुणावर आज्ञा लादली नाही, स्वतः उचलली. मला पप्पांची क्षमा मिळाली, ती मी मिळवली नव्हती. पण क्षमा करायला पप्पा जिवंत होते, त्यांना दोन वेळची भाकरी मिळत होती, चष्मा सापडत होता, फोन लावून द्यायला हात होता, ते दादामुळे.

१९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी ॲन हचिन्सनची हद्दपारी माफ केली, साडेतीनशे वर्षांनी. अवज्ञा करणाऱ्यांना जग उशिरा का होईना पुतळे देतं, आणि ॲनचा तो पुतळा तिच्या हक्काचा आहे. तिच्या शेजारी ती लहान मुलगी आहे, तिच्याकडे आता मी जास्त वेळ बघते.

मागच्या रविवारी ड्यूटी संपल्यावर मी दादाला फोन केला आणि हे सगळं त्याला सांगितलं, जसं इथे लिहिलं आहे तसंच, फक्त कमी नीट. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, उपासनेला उशीर होतोय, संध्याकाळचं भजन आहे. मी ठेवते म्हणाले. तो म्हणाला, "थांब, जरा वेळ आहे."

पाचवी आज्ञा आमच्या घरात मोडली नाही. ती दादाने पाळली.